झिजलेलं लोखंड कुठे गेलं?

(कोलकात्यातील गार्डन रीच इथे आंबेडकर जयंतीनिमित्त मराठी रेल्वे कर्मचारी कुटुंबांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा मी विषय सांगितला: शेतीच्या टाकून दिलेल्या अवजारांपासून केलेली धातूची शिल्पं. फोनवर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग विचारलं गेलं, "ताई, जयंती आहे. बाबासाहेबांवर नाही का बोलणार?" मी म्हटलं, त्यांच्यावरच बोलणार आहे, पण लोखंडाच्या वाटेनं येणार आहे. १९४६ मध्ये बाबासाहेब ज्या बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले, त्या बंगालमध्ये उभं राहून हे बोलायला मिळतंय, याचा मला आनंद आहे.

सुरुवात इथल्याच एका पुतळ्यापासून करते. काल दुपारी मी सुरिनाम घाटावर जाऊन आले. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना तो पाठ असेल. हुगळीच्या काठावर तिथं 'माई-बाप' नावाचं स्मारक आहे: एक पुरुष, एक बाई आणि त्यांचं गाठोडं. सुरिनामची राजधानी पारामारिबो इथं असाच पुतळा आहे, त्याची ही प्रतिकृती. ७ ऑक्टोबर २०१५ रोजी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तिचं अनावरण केलं. २६ फेब्रुवारी १८७३ ला 'लल्ला रूख' नावाचं जहाज कोलकात्याहून निघालं आणि ५ जूनला सुरिनामला पोचलं. त्यानंतर १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं याच वाटेनं तिकडे गेली. अरकाट्यांनी गोळा केलेली, पाच वर्षांच्या गिरमिटावर अंगठा दिलेली माणसं. जायचं होतं उसासारख्या पिकांच्या मळ्यांत राबायला.

पुतळा निघण्याच्या घडीचा आहे, म्हणून त्यात गाठोडं आहे. उसाचं अवजार पलीकडच्या किनाऱ्यावर त्यांची वाट पाहत होतं.

तो पुतळा पाहताना मला बीड आठवलं. दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांत दलित आहेत, बंजारा आहेत, वंजारी आहेत, भटके-विमुक्त आहेत. मुकादम त्यांना आधी पैसे देतो, त्याला 'उचल' म्हणतात. ही उचल माणशी मोजत नाहीत. नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' होतो. टोळीत किती माणसं असं कुणी विचारत नाही, किती कोयते असं विचारतात. एकटा माणूस आला तर तो 'अर्धा कोयता'. बाई आजारी पडली आणि फडात गेली नाही तर कोयत्याचा 'खाडा' पडतो आणि पैसे कापले जातात. या घाटावरच्या माई-बापाला गाठोडं तरी आहे. आमच्याकडच्या माई-बापाचं नावच कोयता आहे.

अवजाराचं नाव माणसाला लागतं. माणसाचं नाव मात्र अवजाराला लागत नाही. माझं आजचं सगळं बोलणं या दोन वाक्यांभोवती आहे.

आता तुमच्याकडे येते. या भागात बंगाल-नागपूर रेल्वेचं मुख्यालय होतं, आज दक्षिण पूर्व रेल्वेचं आहे. नागपूर विभाग २००३ पर्यंत याच रेल्वेत होता. तुमच्यातली किती घरं त्या रुळांवरून इथवर आली! आजोबा खलाशी, गँगमन; वडील फिटर किंवा क्लार्क; आणि आता समोर बसलेली पहिली पदवीधर पिढी. कधी विचार केलाय का, की गँगमन झालेल्या आजोबांच्या हातात कोणती अवजारं होती? फावडं, घमेलं, टिकाव, सब्बल. गावात होती तीच. लोखंड तेच, हात तेच, घामही तेवढाच. पण रेल्वेच्या फावड्याला हजेरी होती, महिन्याचा पगार होता, क्वार्टर होतं, पुढे पेन्शन होतं. गावच्या फावड्याला वेठ होती आणि वर्षाच्या शेवटी पाटलानं टाकलेलं धान्य होतं. म्हणजे अवजार बदललं नव्हतं, अवजाराभोवतीचं नातं बदललं होतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं ते याच नात्यासाठी. कामाला मोजमाप हवं, मोबदला हवा आणि ते सोडण्याचं स्वातंत्र्य हवं.

हे डोक्यात ठेवून आता शिल्पांकडे वळू.

तीनेक वर्षांपूर्वी एका शहरातल्या कलादालनात मी आईला घेऊन गेले होते. दालनाचं नाव महत्त्वाचं नाही. शेतीच्या जुन्या अवजारांपासून केलेली शिल्पं तिथं मांडली होती. नांगराच्या फाळांचा बैल होता. वखराच्या पासेपासून केलेली पक्ष्याची पसरलेली पंखं होती. विळ्यांचं एक मोठं वर्तुळ होतं, सूर्यासारखं. कारागिरी उत्तम होती, हे मी आधीच सांगते. आईनं आयुष्यभर भंडारा जिल्ह्यात दुसऱ्यांच्या बांधीत धान कापलं. ती त्या सूर्याजवळ गेली, पुष्कळ वेळ पाहत राहिली आणि एका विळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा बाईचा इळा आहे वं पोरी. मूठ पाह्य, कशी झिजली."

मुठीवर, जिथं अंगठा बसतो तिथं, लाकडाला खळगा पडला होता. लहान अंगठ्याचा. मी खालची पाटी वाचली. शिल्पाचं नाव, कलाकाराचं नाव, वर्ष, आणि साहित्य: 'लोखंड, लाकूड, सापडलेल्या वस्तू'.

कलेच्या जगात हा शब्द रुळलेला आहे. कलाकाराला रस्त्यात, अडगळीत, भंगारात जे मिळतं ती सापडलेली वस्तू. मी त्या शब्दापाशी अडकले. सापडलेली म्हणजे आधी कुणाची तरी हरवलेली असणार. ती बाई कोण होती? विळा तिनं विकला, की मालकाच्या कोठ्यातच पडून राहिला? भंगारवाल्यानं तो किलोच्या कोणत्या भावानं घेतला? पाटीवर जागा कमी असते हे खरं. पण कलाकाराच्या नावाला जागा होती.

घरी आल्यावर आईनं स्वतःचा विळा काढला. बाजारातून त्याच मापाचा नवा आणला होता, तो शेजारी ठेवला. जुना इतका अरुंद झालेला की नव्याच्या निम्माही भरेना. वाण्याच्या तराजूत दोन्ही टाकले; जुन्याचं पारडं वर गेलं. मी विचारलं, "बाकीचं लोखंड कुठं गेलं?" ती हसली आणि म्हणाली, "मालकाच्या बांधीत."

संशोधन करताना मी बरीच पुस्तकं वाचली, पण माझ्या विषयाचा गाभा मला त्या उत्तरात मिळाला. विळा धारेला लावला की थोडा जातो. धानाच्या खुंटाला घासून थोडा जातो. खाती, म्हणजे आमच्याकडचा लोहार, तो भट्टीत घालून पाजवतो तेव्हा पत्रीच्या रूपानं आणखी थोडा जातो. वर्षानुवर्षं हे लोखंड मातीत मिसळतं, आणि माती ज्याच्या नावावर आहे त्याची होते. विळा कमी होत जातो, सातबारा कमी होत नाही. म्हणून टाकून दिलेल्या अवजाराचं शिल्प पाहताना मी जे उरलंय ते पाहतेच, पण जे झिजलंय तेही मोजते. झीज ही मजुरीची नोंद आहे. ज्यांच्या नावानं कागद नव्हता, त्यांची ती एक नोंद शिल्लक आहे.

आता अशी शिल्पं करतात कशी, ते थोडक्यात सांगते, कारण अर्थ त्या कृतीतच दडलेला आहे. रस्ते दोन आहेत. पहिल्यात अवजार तसंच ठेवतात. वायर ब्रशनं सुटा गंज काढायचा, तुकडे जमिनीवर मांडून आकार शोधायचा, मग वेल्डिंग. हे गाव जहाजं बांधणाऱ्यांचं आहे, तुम्हाला वेल्डिंग मी काय सांगणार! पण जुनी अवजारं जोडणं सोपं नसतं. कोयत्या-विळ्याचं पोलाद बऱ्याचदा ट्रकच्या कमानपाट्याचं असतं. त्यात कार्बन जास्त. आधी गरम न करता साध्या लोखंडाला जोडलं तर थंड होताना सांध्याजवळ तडकतं. कोणता तुकडा कशाचा आहे, हे ठिणगी पाहून ओळखणारा हात लागतो. शेवटी तेल किंवा पारदर्शक लाख लावतात, गंज तिथंच थांबतो. या पद्धतीत फाळ फाळच दिसतो आणि मुठीवरचा अंगठा शाबूत राहतो.

दुसऱ्या रस्त्यात अवजार वितळवतात. मग त्याचं वजन राहतं, ओळख जाते.

देशात या दुसऱ्या रस्त्याचा सर्वांत मोठा प्रयोग आपण सगळ्यांनी पाहिलाय. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी गुजरातमध्ये केवडियाजवळ सरदार पटेलांच्या पुतळ्याची पायाभरणी झाली. त्यासाठी गावागावांतून शेतकऱ्यांच्या वापरातलं जुनं लोखंडी अवजार मागवण्यात आलं. कल्पना मोठी होती: साऱ्या देशाच्या शेतातलं लोखंड एका पुतळ्यात एक होणार. पाच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर २०१८ ला, १८२ मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. आज वर दिसतं ते ब्राँझ आहे आणि ते ब्राँझचे पत्रे चीनमधल्या ओतशाळेत ओतले गेले. गावांकडून आलेलं लोखंड पाहणाऱ्याच्या डोळ्याला कुठेच दिसत नाही. त्याच उद्घाटनाच्या दिवशी परिसरातल्या आदिवासी गावांनी आपल्या गेलेल्या जमिनीसाठी निषेध केला.

पटेलांचा पुतळा असावा की नसावा, हा माझा आजचा प्रश्न नाही. माझा प्रश्न 'शेतकऱ्याचं अवजार' या शब्दांबद्दल आहे. गावाकडे अवजार मागितलं तेव्हा ते कुणाच्या दारातून आलं असेल? ज्याच्याकडे नांगर होता त्याच्या. नांगर ठेवायला बैल लागतो आणि बैल ठेवायला शेत. भूमिहीन बाईकडे विळा आणि खुरपं, एवढंच होतं. तिला आपण शेतमजूर म्हणतो, शेतकरी म्हणत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, माणसं हजारोंनी तुरुंगात गेली. मागणी काय होती? विळा आमचा आहे, थोडी जमीनही आमची असू द्या. सगळं लोखंड एकत्र वितळलं की नांगरवाला आणि विळेवाली यांच्यातलं हे अंतरही वितळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते गावात तसंच असतं.

याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर मी अप्रामाणिक ठरेन. तो पुतळा घडवणारे शिल्पकार राम सुतार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचे. जन्म १९२५, सुतारकी करणाऱ्या विश्वकर्मा कुटुंबातला. ज्या जातीनं पिढ्यान्‌पिढ्या गावाचे नांगर, वखर आणि बैलगाड्या घडवल्या आणि बलुत्यावर पोट भरलं, त्या जातीतला मुलगा. श्रीराम जोशी नावाच्या शिक्षकांनी त्यांच्यातला गुण ओळखला, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची वाट दाखवली, आणि हा मुलगा पुढे देशाचा शिल्पकार झाला. इंदू मिलच्या जागेवरच्या बाबासाहेबांच्या भव्य पुतळ्याचं कामही त्यांच्याकडेच आलं. एक शिक्षक, एक संस्था आणि एक संधी यांनी काय होतं, ते पाहा.

त्याच जे. जे. मध्ये त्यांच्या कितीतरी आधी एक तरुण चित्रकला शिकायला आला होता: लक्ष्मणराव किर्लोस्कर. रंग ओळखण्यात अडचण होती म्हणून त्यांना चित्रकला सोडावी लागली, आणि ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. १९०३ मध्ये त्यांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन विषारी होईल, अशी भीती तेव्हा शेतकऱ्यांना वाटायची. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफेचा नांगर झाला, यात शाहूंची दृष्टी दिसते.

ही दोन आयुष्यं शेजारी ठेवून पाहा. कलेकडून अवजाराकडे गेलेला ब्राह्मण तरुण उद्योगपती झाला. अवजाराकडून कलेकडे गेलेला सुताराचा मुलगा शिल्पकार झाला. दोघांचीही मेहनत खरी आहे, मला ती कमी करायची नाही. पण ज्यांना जे. जे. सापडलं नाही, ते सुतार आणि खाती कुठं राहिले? कारखान्यातला नांगर आल्यावर त्यांच्याकडे फाळ पाजवायचं काम उरलं, आणि ट्रॅक्टर आल्यावर तेही आटलं. त्यांनी घडवलेल्या नांगराचा बाक आणि विळ्याचा तोल ही रचनाच होती. तिला कला म्हणायला मात्र अवजार आधी मरावं लागलं.

भंगारातून नवी वस्तू करणं हे आज फार आधुनिक मानलं जातं. खाती ते कायमच करत आलाय. ट्रकचा तुटलेला कमानपाटा घेऊन त्याचा कोयता करणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या बाजारात बसलेला असतो. आमच्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये, कोंडागावच्या बाजूला, लोहार जुनं लोखंड भट्टीत तापवून, नुसतं ठोकून दिवे, हरणं, घोडेस्वार घडवतात. त्याला लोहशिल्प म्हणतात. हेच लोहार शेतीची आणि शिकारीची अवजारंही करायचे. त्यांच्याकडे अवजार आणि शिल्प एकाच ऐरणीवर जन्मतात.

इथल्या, म्हणजे कोलकात्याच्या, मीरा मुखर्जी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जर्मनीत शिकून आलेली ही शिल्पकार बस्तरच्या घडव्यांकडे ओतकाम शिकायला गेली. पुढे तिनं देशभरच्या धातुकारागिरांवर पुस्तक लिहिलं. माझ्या दृष्टीनं तिचा मोठेपणा शिल्पांइतकाच यात आहे की आपण कुणाकडून शिकलो ते तिनं झाकलं नाही. म्हणजे नोंद ठेवणं अशक्य नाही. ठेवायची इच्छा लागते.

आपल्या चळवळीतून आलेले कलाकारही आता हे काम करत आहेत. कोल्हापूरकडचे प्रभाकर कांबळे यांच्या 'उतरंड' या कामात मडक्यांवर मडकी रचलेली दिसतात. मराठी माणसाला वेगळं सांगायला नको; उतरंड घरातही असते आणि समाजातही. खालच्या मडक्यावर वरच्या सगळ्यांचं ओझं, आणि खालचं हललं तर सगळीच कोसळणार. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती डोळ्यांसमोर उभी राहते. इथं मडकं ही 'सापडलेली वस्तू' राहत नाही. ते आपल्यासोबत आपलं नातं घेऊन येतं.

या उतरंडीतली एक गोष्ट आपण विसरू नये. विळा घडवणारा खाती गावात राहायचा आणि विळा चालवणारी माझी आजी गावकुसाबाहेर. दोघांचंही पोट त्याच विळ्यावर होतं, पण ते एका पंगतीत बसत नव्हते. जात कामाची वाटणी करून थांबत नाही, काम करणाऱ्यांनाच एकमेकांपासून तोडते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलं. एक विळा हातात घेतला की ते समजतं. खंडेनवमीला गाव अवजारांना हळद-कुंकू लावायचं. अवजाराला हात जोडणारं तेच गाव अवजार चालवणाऱ्या हाताचा विटाळ मानायचं.

आता तुमच्या मनातला आक्षेप. माझ्या भावानंही तो घेतला होता. तो म्हणाला, "आईनं विळा सुटावा म्हणून आपल्याला शिकवलं. आणि तू पीएचडी करून पुन्हा विळाच हातात घेतलास?" बाबासाहेबांनी खेडं सोडायला सांगितलं, आणि आपण खेड्याचं लोखंड भिंतीवर टांगायचं?

त्याचं म्हणणं मला पटतं. विळा हा आपला वारसा म्हणून मिरवायची वस्तू नाही. आईला त्या विळ्याचं प्रेम नाही. तिला त्यानं कंबरदुखी दिली आणि बोटावर एक व्रण दिला. पण विळा सुटणं वेगळं आणि विळ्याची नोंद पुसली जाणं वेगळं. आपण लाजेनं तो भंगारात टाकला, तर उद्या कुणीतरी तो उचलेल, घासून-पुसून चकचकीत करेल, आणि 'ग्रामीण जीवनाचं सौंदर्य' म्हणून रिसॉर्टच्या दारात उभा करेल. आपल्याच अवजारांची गोष्ट आपल्याला तिकीट काढून ऐकावी लागेल, आणि त्या गोष्टीत आपण नसू. बहुतेक लोखंड तर तिथवरही पोचत नाही. ते जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांमध्ये वितळून सळया होतं आणि कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जातं. त्याला माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की, भट्टीत जाण्याआधी त्याचं नाव लिहून घ्या.

म्हणून तुमच्याकडे, विशेषतः पहिल्यांदा पदवी घेतलेल्या मुलामुलींकडे, माझ्या तीन मागण्या आहेत.

एक. आज घरी गेल्यावर आईला, आजीला, गावाकडच्या मावशीला फोन लावा आणि घरातल्या एका अवजाराची माहिती विचारा. कुणी घडवलं? कशाच्या बदल्यात? कुणी वापरलं? कुणाच्या जमिनीत? दिवसाला काय मिळायचं? किती वेळा पाजवलं? शेजारी नवं अवजार ठेवून फोटो काढा, म्हणजे झीज दिसेल. रेल्वेतून निवृत्त झालेल्या आजोबांनाही हेच प्रश्न विचारा. गावचं फावडं आणि रेल्वेचं फावडं यांतला फरक त्यांच्याइतका स्वच्छ कुणीच सांगू शकणार नाही.

दोन. अवजारांचं शिल्प कुठंही दिसलं, तर पाटी वाचा. 'सापडलेल्या वस्तू' असं लिहिलं असेल तर अभिप्राय वहीत नम्रपणे लिहा: कुणाच्या? कोणत्या गावच्या? वेल्डिंग कुणी केलं? बहुतेक मोठ्या शिल्पांवर वेल्डरचा हात असतो आणि त्याचं नाव नसतं. एका माणसानं विचारलं तर दुर्लक्ष होईल, पन्नास जणांनी विचारलं तर पाटी बदलेल.

तीन. तुमच्या घरात, वस्तीत एखादं पोर लोखंड वाकवत असेल, माती थापत असेल, वेल्डिंगच्या दुकानात उरलेल्या तुकड्यांचे प्राणी करत असेल, तर त्याला 'आधी नोकरी बघ' एवढंच सांगून गप्प करू नका. नोकरीचं महत्त्व मला कळतं. शिष्यवृत्ती थकली की काय होतं, हे मी अनुभवलंय. पण कला महाविद्यालयातही आपल्या जागा राखीव आहेत आणि त्या रिकाम्या जाऊ देण्याचं कारण नाही. राम सुतारांना एक जोशी मास्तर भेटले. आता आपल्यातच मास्तर आहेत, त्यांनी हे काम करावं.

आईचा तो विळा मी कुठल्याही संग्रहालयाला दिलेला नाही. तो माझ्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर आहे. त्याला एक पुठ्ठा बांधलाय आणि त्यावर आईनं स्वतः, वयाच्या पन्नाशीनंतर शिकलेल्या अक्षरांत, चार ओळी लिहिल्यात: तिचं नाव, खात्याचं नाव, बांधीच्या मालकाचं नाव आणि 'धान कापला, मजुरी कमी भेटली'. यापेक्षा चांगली पाटी मी अजून कुठल्या दालनात वाचलेली नाही.

माझं बोलणं इथं थांबवते. आता मला तुमच्याकडून ऐकायचंय. पुढच्या रांगेतल्या आजोबांपासून सुरुवात करू या. सांगा आजोबा, तुमच्या हातात पहिलं अवजार कोणतं आलं, आणि ते कुणी दिलं?

जय भीम.